मुकं तेल

चूक शोधायला सगळं घर जमलं होतं. एरवी या घरात एकमेकांच्या चुका न शोधताही सापडायच्या, त्यासाठी कुणाला कोर्टातून सुट्टी काढून यावं लागत नसे. पण आज हवी होती ती सरकारी कागदावर टिकेल अशी चूक, आणि तीही संध्याकाळी सहाच्या आत.

थोरली टेबलाच्या टोकाला बसली होती, स्वयंपाकघराच्या दाराशी. ती जागा तिला कुणी दिली नव्हती आणि तिनेही मागितली नव्हती; उठबस करायला सोपी म्हणून आपोआप तिची झाली होती. वय एकसष्ट. घरचं गुडघ्याचं तेल गेली अडतीस वर्षं तीच कढवत होती. चार पिढ्यांची ती विद्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तीन मुलांपैकी तिच्याच हाती दिली. सहा वर्षांपूर्वी आबा गेले आणि तेव्हापासून भट्टीच्या खोलीत कुणी टेकायलाही आलं नव्हतं. तेल सगळ्यांना हवं असायचं, धूर कुणालाच नको असायचा.

समोर दादा होता, तिच्या पाठचा भाऊ. दुकान त्याचं, बाटल्या भरायचं काम त्याचं. त्याच्या शेजारी धाकटा. त्याला घरातही सगळे वकीलच म्हणत, कारण वाढलेलं ताट पुढ्यात आलं तरी तो आधी त्याची उलटतपासणी घ्यायचा. वहिनी, दादाची बायको, चहाचे कप गोळा करत होती आणि कान इकडेच ठेवून होती. खिडकीपाशी, खुर्ची जरा मागे ओढून, दादाची मुलगी बसली होती. ती डॉक्टरीण, सरकारी संशोधन केंद्रात नोकरीला. सकाळपासून ती तीन वाक्यांच्या वर बोलली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी सरकारने घराघरांत चालत आलेल्या औषधांच्या संशोधनासाठी निधी काढला, तेव्हा पहिली उडी वकिलाने मारली होती. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला, आणि मंजुरीचं पत्र दादाने चौकटीत घालून दुकानात लावलं, ते नेमकं किमतीच्या पाटीवर. तेव्हापासून बाटली केवढ्याला हे गिऱ्हाइकाला तोंडाने विचारावं लागे. दोनशे चाळीस माणसांवर तेलाची चाचणी व्हायची होती. म्हणजे चारशे ऐंशी गुडघे, असं वकील भेटेल त्याला सांगत सुटला होता.

चाचणीची रीत घराला पचायला जड गेली. निम्म्या माणसांना खरं तेल द्यायचं आणि निम्म्यांना नुसतं तसंच दिसणारं. रंग तोच, वास तोच, पण आत गुणाची मुळी नाही. कुणाला कोणतं मिळालं हे लावणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. केंद्रातल्या लोकांनी तसा वास आणायचा सहा महिने प्रयत्न केला, तो काही जमला नाही. शेवटी ठरलं की खोटं तेलही थोरलीनेच कढवायचं, पाला घालून, मुळी वगळून. तिने त्याला मुकं तेल असं नाव दिलं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. सरकारी कागदावर मात्र त्याला लांबलचक नाव होतं.

घरचीच मुलगी म्हणून डॉक्टरणीला रुग्णांपासून लांब ठेवलं होतं. तिच्याकडे फक्त तेल बनवण्यावरची देखरेख. दर मंगळवारी ती भट्टीच्या दारात यायची, हातातल्या कागदावरच्या चौदा चौकटींत चौदा खुणा करायची आणि दहा मिनिटांत निघायची. नात्यातली म्हणून आत बसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, असा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. थोरली त्या दहा मिनिटांची आठवडाभर वाट बघायची. सोमवारी रात्री ती उगाचच भट्टीची फरशी पुसून ठेवायची.

आणि काल अहवालाचा मसुदा आला. खरं तेल लावणाऱ्यांना बरं वाटलं होतं. मुकं तेल लावणाऱ्यांनाही तेवढंच बरं वाटलं होतं. तेव्हा मुळीचा काही वेगळा गुण दिसत नाही आणि दुसऱ्या टप्प्याला निधी देता येत नाही, असं त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं. दुसरा टप्पा म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत उभं राहणारं संशोधन केंद्र आणि त्याची प्रमुख म्हणून डॉक्टरीण. वहिनीने त्याच्या पडद्यांचा रंगसुद्धा मनात ठरवला होता. कुटुंबाला काही म्हणायचं असेल तर ते आज सहापर्यंत पाठवायचं होतं.

"निकालावर वाद घालून उपयोग नाही," वकील म्हणाला. "रीत चुकली असं दाखवायचं. रीत चुकली की चाचणी रद्द, आणि चाचणी रद्द झाली की नव्याने मागता येते."

मग त्याने चाचणीचे कागद काढले आणि चुकीची शिकार सुरू झाली. बाटल्या उन्हात राहिल्या का? नाही. रुग्ण मध्येच सोडून गेले का? नऊ गेले, तेवढे चालतात. निरीक्षक झोपा काढत होता का? दादाच्या मते काढत असणार, सरकारी माणूस तो; पण पुरावा नव्हता. शेवटी वकिलाने तेल बनवण्याची कृती वाचायला घेतली. ही कृती त्यानेच आबांच्या वहीतून उतरवली होती. ती थोरलीला दाखवावी असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं आणि दाखवली नाही म्हणून तिलाही काही वाटलं नव्हतं. वही आबांची, तेव्हा ती बरोबरच असणार.

"पायरी एक," वकिलाने वाचलं. "स्वच्छ, कोरडा हंडा चुलीवर चढवणे."

"पुढे," दादा म्हणाला.

वकील पुढे गेला. थोरली मात्र पहिल्याच पायरीवर थांबली होती. कोरडा हंडा तिने उभ्या आयुष्यात चुलीवर चढवला नव्हता.

भट्टीच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक बरणी असायची. तिला मागची बरणी म्हणत. प्रत्येक हंड्यातलं थोडं तेल तिच्यात राखायचं आणि पुढचा हंडा चढवण्याआधी त्यातली एक पळी तळाशी फिरवायची, मगच बाकीचं. नव्याला जुन्याची ओळख करून द्यावी, असं आबा म्हणायचे. पणजोबांच्या पहिल्या हंड्यातला एखादा थेंब त्या हिशेबाने आजही बाटलीत उतरत असणार. हे वहीत नव्हतं. दात घासावेत असं वहीत कोण लिहून ठेवतं?

मुक्या तेलासाठी डॉक्टरणीने मुद्दाम नवा हंडा आणला होता, खऱ्याचा अंशही लागू नये म्हणून. नवा कोरा हंडा बघून थोरलीचा हात आपसूक कपाटाकडे गेला होता, कारण कोऱ्या हंड्याला तर पळी आधी लागते. निरीक्षक नऊला यायचा, वजनं त्याच्यासमोर व्हायची. पळी साडेसातलाच पडलेली असायची. मुक्या तेलाचे तीन हंडे झाले होते, तेव्हा तीन पळ्या.

मग एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. चाचणीच्या काळात खरं तेल मोजून द्यायचं होतं, म्हणून स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याला ती तळाशी उरलेलं मुकंच चोळायची. गुडघा कुरकुर न करता जिना चढायचा. याचं तिला तेव्हा नवल वाटलं होतं, पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं, आणि न सांगितलेलं नवल आपोआप विसरलं जातं.

ती पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर ज्या चुकीसाठी सगळे जीव टाकत होते ती तिच्या पदरात होती. सांगितली तर तेल वाचणार होतं. पण मग हंडा कोरडा असल्याची खूण करून खाली सही कुणी केली होती? डॉक्टरणीने. सांगितली नाही तर तेलाला काही गुण नाही असं सरकारचं कायमचं मत होणार, दुकान आज ना उद्या दुसरं काहीतरी विकायला लागणार आणि भट्टी बंद होणार. भट्टी बंद झाल्यावर सकाळी उठून कुठे जायचं, हे तिला कितीही विचार केला तरी सुचेना. अडतीस वर्षं ती उठून तिथेच गेली होती.

बाहेर आवाज चढले तेव्हा ती दारात आली.

"चिठ्ठ्या," दादा मुलीला म्हणत होता. "बाटल्यांवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या तुझ्या सहीने गेल्या ना? मग लिही, की एका खोक्याची अदलाबदल झाली."

"झाली नाहीये, बाबा."

"नसेल झाली. होऊ तर शकते."

वकिलाने मध्ये पडून ते अधिक गुळगुळीत केलं. खोटं लिहायची गरजच नाही, तो म्हणाला; अदलाबदलीची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहायचं. शक्यता तर कशाचीच नाकारता येत नाही. डॉक्टरणीने विचारलं, की हे लिहिल्यावर केंद्रात तिच्याकडे पुन्हा कुणी एखादी बाटली तरी सोपवेल का. दादा म्हणाला, इथलं केंद्र उभं राहिलं की त्या नोकरीची गरज कुणाला आहे. आणि ज्या तेलावर ती शिकली त्या तेलासाठी तिने एक ओळ लिहू नये, याचं त्याला वाईट वाटतं.

चाचणीच्या या तीन वर्षांत वहिनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. आता तिने कपांचा ट्रे टेबलावर ठेवला, जरा आवाज होईल असा.

"तिच्या तोंडून खोटं वदवून घेणार असाल तर मला ते केंद्र नको," ती म्हणाली. "माझ्या पडद्यांवाचून कुणाचं अडलेलं नाही."

दादा बायकोकडे बघतच राहिला. वकिलाने घड्याळ बघितलं, साडेचार होत होते. आणि डॉक्टरीण खिडकीतून बाहेर बघत होती. लहानपणी ताप आला की ती अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची आणि फक्त आत्याच्या हातून औषध घ्यायची. थोरलीला ती पाठ ओळखीची होती.

"मी पळी घातली," थोरली म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. त्या दारातून बोललेलं या घरात सहसा ऐकू जात नसे, कारण तिथून यायचं ते बहुतेक 'चहा ठेवू का' असंच असायचं. वकील तर 'नको आत्ता' असं म्हणालासुद्धा.

"मुक्या तेलात मी मागच्या बरणीतली पळी घातली. तिन्ही वेळा."

मग मात्र सगळे वळले. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिला वाटत होतं खूप मोठं सांगायचं आहे, पण ते चार-पाच वाक्यांतच संपलं.

पहिला बोलला वकील, आणि तो चक्क हसला. उठून जवळ आला, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "ताई, घर वाचवलंस तू," तो म्हणाला. खऱ्याचा अंश खोट्यात गेला म्हणजे चाचणी नासली, यापेक्षा चांगली चूक त्याला स्वतःलाही रचता आली नसती. त्या भरात पुढचंही तो बोलून गेला: पुढच्या वेळी तेल केंद्राच्या यंत्रात कढवायचं, म्हणजे हाताचा प्रश्नच नको. ताईला आता धुरात उभं राहायची गरज नाही, तिने आराम करावा. थोरली त्याच्या हातांखाली उभी होती. धाकट्याने तिला जवळ घेतल्याला किती वर्षं झाली हे ती आठवत होती, त्यामुळे यंत्राचं तिला जरा उशिराच कळलं.

दादा चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत राहिला.

"आबांनी मला पळीचं कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू एकदा आला होतास भट्टीत. धुराने डोळे चुरचुरतात म्हणालास."

"अकरा वर्षांचा होतो मी."

"हो," थोरली म्हणाली. "पण आबा परत बोलावणारे नव्हते."

दादाने मान हलवली. वडिलांचं दुकान पस्तीस वर्षं पाठीवर वागवलं आणि त्यातली एक पळीभर गोष्ट त्याला परक्यासारखी आज कळली, याचं दुःख त्याच्या तोंडावर उघड दिसत होतं. बहिणीवर रागवावं की वडिलांवर हे त्याचं ठरत नव्हतं, आणि वडील हाताशी नव्हते.

डॉक्टरीण अजून खिडकीपाशीच होती. तिने विचारलं, "पळी केवढी?"

"भाजी वाढायची असते तेवढी."

"म्हणजे शंभर मिली. आणि हंडा वीस लिटरचा." ती उठून टेबलापाशी आली आणि आत्याच्या समोर बसली. "दोनशेत एक भाग, आत्या. एवढ्याने काही होत नाही."

"होतं," थोरली म्हणाली. "माझा गुडघा दुखायचा राहिला ना."

"मग खऱ्या तेलातले बाकीचे एकशे नव्व्याण्णव भाग काय करतात?"

प्रश्न कुत्सितपणे विचारला नव्हता. मुलगी खरोखरच विचारत होती आणि तिचे डोळे भरले होते. लोक बरे झाले, ती सांगत राहिली, कारण रोज वीस मिनिटं त्यांचा गुडघा कुणीतरी चोळून देतं, दर आठवड्याला कुणीतरी विचारतं की आता कसं आहे. दुखणं कधी कधी आपणहूनही उतरतं. तेल वाईट आहे असं नाही. मुळीचं काही दिसलं नाही, इतकंच. तिने ते लहान मुलाला समजवावं तसं हळूहळू सांगितलं, आणि ऐकताना थोरलीला वाटलं की आपल्या हातातून कुणी एकेक बोट सोडवून काहीतरी काढून घेतंय.

वकील म्हणाला, हे दोनशेत एक वगैरे लिहायचं काही कारण नाही. पळी पडली एवढंच लिहायचं.

"दोन्ही लिहीन," डॉक्टरीण म्हणाली. "पळी पडली तेही, आणि पळीने काय होऊ शकतं नि काय नाही तेही. आणि हंडा मी बघितला नव्हता तेही. दारातून नुसती खूण केली होती. आत्याचा हंडा काय बघायचा, असं वाटलं मला."

"तुला काय करतील?" वहिनीने विचारलं.

"चौकशी होईपर्यंत घरी बसवतील. सहा महिने, वर्ष." ती आत्याकडे बघून म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस गं पळीचं?"

"कुणी विचारलंच नाही," थोरली म्हणाली. तक्रार करायची म्हणून नव्हे. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

पाच वाजता पत्र गेलं. सव्वापाचला निधी कचेरीतल्या बाईंचा फोन आला. बाई सौम्य होत्या. आभार मानले, चाचणी रद्द धरण्याचा विचार होईल म्हणाल्या. पुन्हा निधी मिळेल की नाही हे आत्ता सांगता यायचं नाही. तोपर्यंत भट्टी बंद ठेवावी. उद्या दुपारी माणूस येऊन खोलीला मोहोर लावेल आणि ती मागची बरणी तपासणीसाठी घेऊन जाईल. तिच्यातलं तेल परत येईल का, असं थोरलीच्या वतीने वहिनीने विचारलं. बाई म्हणाल्या, तपासणीत नमुना संपतो. आणि एक काम उरलं होतं: बनवणाऱ्या बाईंच्या तोंडून संपूर्ण कृती, वहीत असलेली आणि नसलेली, लिहून घ्यायला हवी. ते डॉक्टरणीने करावं, म्हणजे निदान तेवढ्यापुरतं तिचं नाव कागदावर राहील.

रात्री जेवणं झाली. वकील आपल्या घरी गेला, जाताना ताईला पुन्हा एकदा जवळ घेऊन. दादा झोपायला गेला. वहिनी ओटा पुसताना म्हणाली, "वन्सं, उद्या जरा उशिरा उठा. काही घाई नाही आता." ते तिने मायेनेच म्हटलं होतं. थोरली अंथरुणावर पडून त्या वाक्याकडे बघत राहिली. घाई नसलेली सकाळ तिने कधी पाहिली नव्हती आणि तिचं काय करतात हे तिला ठाऊक नव्हतं.

ती नेहमीसारखी सहालाच उठली. भट्टी झाडली, चूल पुसली, हंडे पालथे घातले. दोन स्टुलं होती, एक तिचं आणि एक आबांचं. आबांच्या स्टुलावर सहा वर्षांत फडक्याखेरीज काही बसलं नव्हतं. निरीक्षकसुद्धा स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायचा.

सातला डॉक्टरीण आली. या वेळी दारात थांबली नाही. आत आली, इकडेतिकडे बघितलं, आबांचं स्टूल पुढे ओढलं आणि वही उघडून बसली. तिला आज कसली घाई नव्हती. नोकरीवर जायचं नव्हतं.

"अगदी पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही सोडू नकोस."

थोरलीने सांगायला सुरुवात केली. हंडा आधी कानाशी नेऊन वाजवून बघायचा, चीर असेल तर आवाज बसका येतो. पळी तळाशी फिरवताना उजवीकडून डावीकडे. पाला टाकला की पहिला फेस येतो तो काढायचा नाही, दुसरा काढायचा. मुळी उन्हात वाळवलेली नको, वाऱ्यावर वाळवलेली. जाळ कधी कमी करायचा हे घड्याळावर नाही, वासावर. वासातला कडवटपणा नाकातून घशात उतरला की लाकूड ओढायचं. डॉक्टरीण मध्ये मध्ये थांबवून विचारायची, कडवट म्हणजे कसा, आणि थोरली डोळे मिटून शोधून सांगायची. वहीतल्या चौदा पायऱ्यांच्या बावीस झाल्या, मग सव्वीस. इतकं आपल्याला येतं हे तिलाच माहीत नव्हतं. बोलता बोलता तिचा घसा बसला आणि तिला एकदा हसूही आलं.

दहा वाजले. मग साडेदहा. सांगता सांगता तेल गाळलं गेलं, निवलं, बाटलीत गेलं, आणि त्यातलं थोडं मागच्या बरणीत गेलं. बरणी समोर ओट्यावर काढून ठेवली होती, माणसाची वाट बघत. "आणि बरणीचं झाकण लावायचं," थोरली म्हणाली.

डॉक्टरणीने लिहिलं. झाकण लावायचं. खाली एक रेघ ओढली. तिने मान मोकळी केली, पेनाचं टोपण शोधलं.

"आणि मग," थोरली घाईने म्हणाली, "मग हंड्याला पाठ करून बसायचं. थोडा वेळ. म्हणजे, तेल निवेपर्यंत."

हे असं काही नव्हतं. असं कुणी कधी बसलं नव्हतं, आबाही नाही. आणि तेल तर केव्हाच निवून बरणीत गेलं होतं. काल सगळ्या घरासमोर अंगावर ओढून घेऊन खरं बोलणाऱ्या बाईने आज पहिल्यांदा कामाबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि तेही असं, की शेंबडं पोरसुद्धा पकडेल.

डॉक्टरणीने तिच्याकडे बघितलं. वही गुडघ्यावर उघडीच होती. तिने ते लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं, वही मिटून बरणीशेजारी ठेवली, स्टूल जरासं चुलीकडे सरकवलं आणि नीट ठाण मांडून बसली.

"बरं," ती म्हणाली. "आणि मग?"